खालची रेघ

वही दोनशे पानी, रेघांची. बाबांनी ती दुकानाच्या उधारीसाठी मंगरूळपीरहून आणली होती. मी मागून घेतली. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात मे २००७ मधली तारीख आहे आणि तिच्याखाली इंग्रजीत एक लांबलचक वाक्य. त्याचा अर्थ असा: कॉन्फिगरेशन फाइलच्या ११६व्या ओळीत चूक आहे, अमुक नावाची फाइल सर्व्हरमध्ये घेता येत नाही, सांगितलेलं मॉड्यूल सापडलं नाही.

आसेगावात तेव्हा आमच्या घरी इंटरनेट नव्हतं. जुना, सुटे भाग जोडून केलेला कॉम्प्युटर होता. विदर्भात भारनियमनाचे ते दिवस. वीज असेल तेव्हा बसायचं, म्हणजे बहुतेक रात्री. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मी बाबांच्या दुकानाची उधारी कॉम्प्युटरवर आणायला घेतली होती. अपॅची आणि पीएचपी तालुक्याच्या नेटकॅफेतून सीडीवर आणलं होतं. काही अडलं की पडद्यावरचं वाक्य वहीत उतरवायचं, दुसऱ्या दिवशी काळी-पिवळीनं मंगरूळपीर गाठायचं, तासाचे पैसे देऊन ते वाक्य शोधायचं, उत्तर वहीत लिहून परत यायचं. एका चुकीला एक दिवस जायचा.

ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अपॅची हा सर्व्हर. कुणी पान मागितलं की फाइल काढून द्यायची, हे त्याचं काम. पीएचपी ही स्क्रिप्टची भाषा. पान देण्याआधी त्यातल्या सूचना ती चालवते, म्हणजे उधारीची बेरीज करते, नावं शोधते आणि तयार पान अपॅचीच्या हाती ठेवते. दोन्ही गोष्टी १९९५ सालच्या. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फनं पीएचपीची पहिली साधनं स्वतःच्या वेबपानासाठी लिहिली आणि ८ जून १९९५ ला सगळ्यांसाठी खुली केली. अपॅची दुसऱ्याच लोकांनी घडवलं. त्यामुळे दोघांना जोडायला मधे एक सांधा लागतो. विंडोजवर तो सांधा म्हणजे एक डीएलएल फाइल. अपॅचीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये तिचं नाव आणि पत्ता लिहायचा, एवढंच ते काम.

आणि तीच फाइल सापडत नाही असं यंत्र म्हणत होतं. मला तर ती डोळ्यांसमोर दिसत होती. फोल्डर उघडायचो, फाइल जागच्या जागी. पत्ता पुन्हा टाइप करायचो, तिरक्या रेघा उलट्या-सुलट्या करून पाहायचो, पुन्हा तेच वाक्य. दोनदा मंगरूळपीरला जाऊन आलो. दुसऱ्या वेळी कॅफेतून उत्तर लिहून आणलं, घरी येऊन वहीत पाहून टाइप केलं, तरी तेच. बाबा दुकान बंद करून आले की मागं उभे राहायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण विहिरीवरची मोटर बंद पडली की ते डीपीपासून चालत यायचे. आधी फ्यूज, मग तार, मग स्टार्टर आणि शेवटी मोटर. एकदा म्हणाले, “आंधी तार कुठं तुटली ते पाय, मंग मोटरीले हात लाव.”

तिसऱ्या खेपेला कॅफेत बसून मी पडद्यावरचं उत्तर आणि वहीतलं माझं अक्षर शेजारी शेजारी धरलं. पीएचपीच्या त्या गठ्ठ्यात जवळपास एकाच नावाच्या दोन फाइली होत्या. एकीचं नाव ‘अपॅची२’वर संपत होतं, दुसरीचं ‘अपॅची२_२’वर. पहिली अपॅचीच्या २.० आवृत्तीसाठी, दुसरी २.२ साठी. माझं अपॅची २.२ होतं. दोन आकड्यांच्या मधली खालची आडवी रेघ मी वहीत उतरवली होती, पण वहीच्या छापील रेघेवर. ती तिच्यातच मिसळून गेली होती. घरी येऊन पाहिलं तेव्हा मला दिसलं ‘२२’, तशी फाइल गठ्ठ्यात नव्हती, म्हणून माझंच लिहिताना चुकलं असं समजून मी ‘२’वालीच कायम ठेवली होती.

यंत्राचं वाक्य खोटं नव्हतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. जुनी फाइल आपल्यासोबत अपॅचीच्या जुन्या आवृत्तीतली आणखी एक फाइल मागते, आणि तिचं नाव २.२ मध्ये बदललेलं होतं. सापडत नव्हती ती ही दुसरी. विंडोज नाव घेत होतं दारात उभ्या असलेल्याचं. हरवलं होतं त्याच्या सोबतचं माणूस. तेव्हापासून ‘सापडलं नाही’ असं वाचलं की मी आधी विचारतो, नक्की कोण सापडलं नाही?

पुढची पानं भराभर भरली. पीएचपी चालतं आहे की नाही हे पाहायला एका ओळीचं पान करतात. ते उघडलं तर ती ओळच जशीच्या तशी पडद्यावर, कारण कोणत्या शेपटीच्या फाइली पीएचपीकडे पाठवायच्या ते मी अपॅचीला सांगितलंच नव्हतं. पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कितीही बदल केले तरी फरक पडेना, कारण विंडोज शेपटी लपवतं आणि माझ्या फाइलच्या नावामागं ‘टीएक्सटी’ चिकटलेलं होतं. पीएचपी तिच्याकडे पाहतही नव्हतं. मग आलं ते वाक्य, ज्याच्यासाठी ही वही मी जपून ठेवली आहे: कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल-कनेक्ट. डेटाबेसला जोडणारी आज्ञाच पीएचपीला माहीत नाही, असा अर्थ. पीएचपीच्या पाचव्या आवृत्तीपासून मायएसक्यूएल या डेटाबेसचा जोड आपोआप मिळायचा बंद झाला होता. सेटिंगच्या फाइलमध्ये त्याच्या ओळीपुढं एक अर्धविराम होता आणि अर्धविरामामागची ओळ वाचलीच जात नाही. अर्धविराम पुसला, अपॅची बंद करून चालू केलं, आणि दुकानाचं कोरं पान उघडलं. बाबांना हाक मारून दाखवलं.

त्याच आठवड्यात एक शब्द भेटला, तो मी अक्षर-अक्षर मोजत उतरवला: पामायिम नेकुदोतायिम. वाक्यरचना चुकली, इथं हा शब्द अपेक्षित होता, असं पीएचपी सांगत होतं. हा इंग्रजी नाही एवढं कळलं. शोधलं तर हिब्रू निघाला. पीएचपीचा गाभा नव्यानं लिहिणारे झीव सुरास्की आणि अँडी गुटमान्स हे इस्रायलमधल्या टेक्निऑनचे विद्यार्थी. ‘::’ या चिन्हाला, म्हणजे लागोपाठ दोन अपूर्णविरामांना, त्यांनी आपल्या भाषेतलं नाव दिलं. आजही त्या भाषेच्या पोटात ते नाव आहे. जगभरच्या प्रोग्रामरांनी त्या शब्दाबद्दल तक्रारी केल्या. मला तो आवडला. कुणीतरी आपल्या बोलीतला शब्द यंत्राच्या आत ठेवून गेलं होतं, आणि मी त्याच यंत्रात मराठी नावं कशी बसवायची या विवंचनेत होतो.

ती विवंचना चुकांहून मोठी ठरली. मराठी होऊ शकतं हे माहीत होतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू होता आणि ज्या मीडियाविकीवर तो चालतो ती पीएचपीतच लिहिलेली आहे. कॅफेत मी त्याची पानं उघडून नुसतं पाहत बसायचो. घरी मी उधारीच्या वहीतून चाळीस-एक गिऱ्हाइकांची नावं भरली. दुसऱ्या रात्री यादी उघडली तर प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, माणूस गायब. मायएसक्यूएल मूळ स्वीडनचं. तेव्हा काही सांगितलं नाही तर ते मजकूर लॅटिन अक्षरांचा धरायचं आणि स्वीडिश भाषेच्या क्रमानं लावायचं. मी पान यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी सामावणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, लिहून पाठवत होतो, टेबल लॅटिनचं. मधे रूपांतर करणाऱ्याला ‘आ’ किंवा ‘से’ साठी जागा सापडली नाही की तो तिथं ‘?’ लिहून मोकळा होतो. मूळ अक्षर कुठंच उरत नाही. ती नावं परत आलीच नाहीत, कागदावरून पुन्हा टाइप करावी लागली.

आणि या वेळी पडद्यावर एकही वाक्य आलं नव्हतं. सगळं सुरळीत चाललं आहे असं दिसत होतं. पहिल्या पानावरचं ते ११६व्या ओळीचं वाक्य मला तीन दिवस छळत होतं, पण ते निदान बोलत होतं, ओळ सांगत होतं. हे नुकसान गुपचूप झालं.

पुढं आणखी एक गंमत कळली, तीही कोणी सांगितली नाही. यादीत नावं लांब होतात म्हणून मी त्यांची पहिली दहा अक्षरं घेतली, तर दोन-तीन अक्षरांत नाव तुटायचं आणि शेवटी काळा चौकोन उमटायचा. पीएचपीची साधी मोजणी बाइटांची. ‘आसेगाव’ म्हणताना आपण चार अक्षरं बोलतो. यूनिकोडमध्ये काना-मात्रा वेगळ्या धरून ती सहा चिन्हं होतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणून पीएचपीला माझ्या गावाचं नाव अठरा लांबीचं दिसतं. सहाव्या आवृत्तीत यूनिकोड मुळापासून आणायचं ठरलं होतं. २०१० मध्ये तो घाट सोडून दिला गेला आणि भाषा पाचवरून थेट सातवर गेली. आज एक आज्ञा अठरा सांगते, दुसरी सहा, आणि तिसरी, अक्षरांचे घड मोजणारी, चार. माझ्या मते बरोबर उत्तर चारच. बालवाडीतलं पोरही तेच सांगेल.

नंतर मी पुण्यात नोकरी केली, बरीच वर्षं. त्या काळातलं एकच सांगतो. दुसऱ्या कुणी लिहिलेली एक प्रणाली माझ्याकडे आली होती. पान पांढरं यायचं, सर्व्हरच्या नोंदवहीत काही नाही. दोन रात्री शोधल्यावर दिसलं की लिहिणाऱ्यानं जागोजागी आज्ञेच्या आधी ‘@’ लावला होता. पीएचपीत त्याचा अर्थ, चूक झाली तरी बोलू नकोस. गिऱ्हाइकासमोर चूक उघडी पडू नये हे मला मान्य आहे, आतले पत्ते आणि नावं बाहेर दिसणं धोक्याचंही असतं. त्यासाठी पडद्यावर दाखवणं बंद करता येतं आणि नोंदवहीत लिहिणं चालू ठेवता येतं. यंत्राचं तोंडच बांधून ठेवणं ही माझ्या लेखी कामचुकारी आहे, आणि तसं करणाऱ्याला मी तोंडावर सांगत आलो आहे.

बाबांच्या दुकानाचं ते पान मात्र चालत राहिलं. २०१६ च्या दिवाळीत मी घरच्या कॉम्प्युटरवर सगळं नवं टाकलं आणि पान उघडलं. पडद्यावर आलं: कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल-कनेक्ट. तेच वाक्य. मी कपाटातून वही काढली, नऊ वर्षांपूर्वीचं पान उघडलं आणि सेटिंगच्या फाइलमध्ये अर्धविराम शोधू लागलो. अर्धविराम नव्हताच. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतून त्या आज्ञाच काढून टाकल्या होत्या. पूर्वी दार कुलूपबंद होतं, आता भिंत होती. सगळं पान नव्या आज्ञांनी लिहावं लागलं. जुन्या उत्तराच्या शेजारी मी दुसरी तारीख घातली आणि नवं कारण लिहिलं. बाबांनी तोवर उधारीची कागदी वहीही चालू ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाले, “तुये नावं एकडाव उडाले होते ना.”

२०२३ मध्ये पुतणीकडून मोबाइलवर एक फोटो आला. ती गावात राहूनच शिकते, घरात आता इंटरनेट आहे, नागपूरकडे जाणारा समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला आहे. फोटोत मोठ्या अक्षरांत ५०२ आणि त्याखाली दोन शब्द. “काका, काहीच होत नाही,” एवढंच सोबत. मी तिला सर्व्हरच्या नोंदवहीतली शेवटची ओळ मागितली. तिनं निम्मी कापून पाठवली. पूर्ण मागितली. त्यात दिसलं की तिचा सर्व्हर पीएचपी ७.४ चं दार ठोठावत होता आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणून परत येत होता. तिच्याकडच्या उबुंटू या कार्यप्रणालीच्या २२.०४ आवृत्तीत पीएचपी ८.१ येतं, कॉन्फिगरेशनची ओळ तिनं जुन्या धड्यातून उतरवली होती. सोळा वर्षांनी तोच सांधा, तोच आकड्याचा घोळ. तिला उत्तर सांगितलं नाही. ओळ मोठ्यानं वाचायला लावली. “सात पॉइंट चार” म्हणताना ती थांबली, “आपल्याकडं तर आठ आहे,” म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

दिवाळीला गेलो तेव्हा वही तिला दिली. पहिलं पान उघडून तिनं विचारलं, इथं लाल शाईनं काय गिरवलं आहे? त्या दोन आकड्यांच्या मधली खालची रेघ. कॅफेतून परत आल्यावर त्याच रात्री मी ती गिरवली होती.