फाल्गुनात सावद्याची पाखरे

होळी आठ-पंधरा दिवसांवर आली की सावद्याच्या शिवारात दोन रंग दिसू लागतात. तापीकडच्या अंगाला केळीच्या बागांचा हिरवा, आणि उत्तरेला सातपुड्याकडे पळसाचा केशरी. पाखरे पाहायची तर हेच दिवस. हिवाळी पाहुणे अजून सगळे गेलेले नसतात आणि घरची पाखरे गळा साफ करू लागतात. कोकिळ आंब्यावर, तांबट वडा-उंबरावर.

फार लांब जायला नको. भल्या सकाळी केळीच्या बागेत शिरा. केळफुलाला लोंबकळून इवलासा काळानिळा शिंजीर बाकदार चोचीने मध पिताना दिसेल. घडाला तो काही करीत नाही.

पण खरी गंमत पळसावर. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या शेकड्यांनी उतरतात आणि कलकलाटाने झाड डोक्यावर घेतात. दादर पोटऱ्यातून निसवून दाण्यात भरली की याच भोरड्या कणसांवर तुटून पडतात. तेव्हा माळ्यावर बसून गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायचा, हे घरोघरच्या पोरांना ठाऊक आहे. शेतकऱ्याने त्यांचा राग करावा हे साहजिकच. मात्र त्यांचा दुसरा हिशेबही पाहावा. हे पाखरू मूळचे मध्य आशियाकडचे. आपल्याकडे ऑगस्टपासून येऊ लागते आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत परत जाते. तिकडे पिल्लांना भरवायला त्याला टोळ आणि नाकतोडेच लागतात. म्हणून चीनच्या शिंच्यांग प्रांतात लोकांनी त्यांना मुद्दाम दगड-विटांची घरटी बांधून दिली! आपल्याकडेही ती अळ्या-किडे टिपतातच. दाणा भरतो तेवढे दिवस राखण करावी, हाकलावे, त्यात पाप नाही. विषारी दाणे मात्र टाकू नयेत, ते भोरडीबरोबर चिमणी-होल्यांच्याही पोटात जातात.

हरभऱ्यात कोतवाल आणि वेडा राघू बसावेत म्हणून इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे लाकडी थांबे रोवायला कृषी खाते सांगते. खर्च दोन काठ्यांचा. बसायला जागा मिळाली की कोतवाल घाटे अळी वेचतो. ज्याने ते रोवले नाहीत त्याने पुढच्या हंगामात करून पाहावे.

तापीवर हतनूर धरणाचे पाणी आहे. तेथे थंडीत बदके उतरतात. भगव्या रंगाची चक्रवाकाची जोडी ओळखायला सोपी. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखी हंस तर हिमालय ओलांडून येतो. फाल्गुनात त्यांची परतीची घाई चालते; आज दिसलेला थवा उद्या दिसेलच असे नाही.

आता सातपुड्याचा एक मानकरी. खिरोद्यावरून पालच्या बाजूला गेले की सागाचे जंगल लागते. शेजारीच यावल अभयारण्य. या खानदेशच्या डोंगरात रानपिंगळा राहतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे. तो दिवसाढवळ्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसतो आणि सरडे, उंदीर पकडतो. 1884 नंतर तो कोणाला खात्रीने दिसलाच नव्हता. पुस्तकांनी त्याला जवळजवळ नामशेष धरले होते. अखेर नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंना आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. पुढे यावलच्या जंगलातही त्याची नोंद झाली. एकशे तेरा वर्षे जो हरवला म्हणत होते, तो इथल्या गुराख्यांच्या डोक्यावरच बसलेला असणार!

त्याला धास्ती दोन गोष्टींची. एक, जुनी पोकळ झाडे तोडली जाणे, कारण घरटे ढोलीतच असते. दुसरी, घुबड म्हणून अपशकुनी ठरवून किंवा मंत्रतंत्रासाठी मारले जाणे. पालकडे जाणाऱ्यांनी सकाळी नऊच्या आत सागाच्या उघड्या शेंड्यांवर नजर ठेवावी. शेपटी झटकत बसलेले, ठेंगणे, मोठ्या डोक्याचे पाखरू दिसले तर गाडी लांबच उभी करावी.