भय कोणाचे, हसू कोणाचे?

संस्कृत साहित्यशास्त्राने रसांचे मैत्र जसे नोंदवले, तसे वैरही नोंदवले. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण हे दोन रस सांगितले आहेत. व्यवहारात मात्र मराठी माणूस भुताखेतांच्या आणि मर्तिकाच्या गोष्टींवर मनमुराद हसत आला आहे, आणि तेही घरात, माणसांच्या गोतावळ्यात बसून. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) भाऊराव मेल्यावर स्वतःच्याच मरणाचे कीर्तन मांडतात. बंद होऊ घातलेल्या जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे, एवढाच त्यांचा हट्ट असतो. घरात प्रेत, दारात चाळ आणि प्रेक्षागृहात हशा, असा तो प्रकार आहे. हे वैर मिटते कसे, हा प्रश्न अभिजात नाटकाइतकाच लोकप्रिय चित्रपटालाही विचारता येतो. किंबहुना तेथे तो अधिक निकडीचा ठरतो, कारण लोकप्रिय चित्रपटाला उत्तरभाग असतो आणि एकदा मिटलेले वैर त्याला पुन्हा मिटवून दाखवावे लागते.

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला आणि ‘झपाटलेला २’ २०१३ साली. मूळ कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाची आहे. मरणाच्या दारातला गुन्हेगार मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. पुढे माणसाच्या देहात यायचे, तर ज्याच्यापुढे त्याने आपले गुपित प्रथम उघड केले त्याच्याच देहात त्याला शिरता येते. अमेरिकी चित्रपटात हा दुर्दैवी जीव एक लहान मुलगा आहे. मराठी चित्रपटात तेथे लक्ष्या येतो. तो वयाने मोठा, स्वभावाने मूल, आईच्या सावलीत वाढलेला आणि व्यवसायाने बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा आहे. हा बदल वरवरचा नाही. मुलाने ‘बाहुला बोलतो’ म्हटले तर वडीलधारे त्याला समजावतात. शब्दभ्रमकाराने तेच म्हटले तर लोक टाळ्या वाजवतात. ज्याच्या हातात बाहुला बोलणे हाच धंदा, त्याचा ‘हा आपण होऊन बोलला’ हा आक्रोश कोणाच्याही कानी पडण्याआधीच खोटा ठरलेला असतो.

रसविरोधाच्या परिहाराचे जे मार्ग शास्त्रकारांनी दाखवले, त्यांत आश्रयभेद हा महत्त्वाचा आहे. दोन विरोधी भाव एकाच व्यक्तीच्या ठायी मांडले तर परस्परांना मारतात. वेगवेगळ्या व्यक्तींच्या ठायी मांडले तर एकत्र नांदू शकतात. ‘झपाटलेला’ची रचना नकळत याच तत्त्वावर उभी आहे. भय एकट्या लक्ष्याचे आहे. आई, प्रेयसी, पोलीस खात्यातला मित्र ही मायेची सगळी माणसे बराच काळ त्या भयाच्या बाहेर राहतात आणि त्याला वेड्यात काढतात. प्रेक्षकाला सत्य ठाऊक असते, पण संकट त्याच्यावर नसते. म्हणून लक्ष्याची दातखीळ बसते तेव्हा प्रेक्षक हसू शकतो. या हसण्यात क्रौर्य उरत नाही, याचे श्रेय लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या अभिनयाला द्यावे लागते. त्यांच्या चेहऱ्यावरचे भय खरे असते, त्याचा आकार मात्र विनोदी असतो. खलनायकाच्या बाजूला तर हा भेद यंत्ररचनेतच आहे. तात्या विंचूचा माणूसरूपातला चेहरा आणि बाहुल्याचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा, बाहुल्याची चालना रामदास पाध्ये यांची. ज्यांनी वडील यशवंत केशव पाध्ये यांच्याकडून शब्दभ्रम कला घेतली आणि अर्धवटरावाला दुसऱ्या पिढीत बोलते ठेवले, तेच पाध्ये येथे बाहुल्याला भयाची भाषा देतात.

या ठिकाणी समीक्षेने प्रेक्षकाच्या जागेचाही विचार करायला हवा. मुंबई-पुण्याच्या चित्रपटगृहातला प्रेक्षक एक आणि वारंगा फाट्यावरचा दुसरा. हिंगोली, नांदेड आणि हदगाव-यवतमाळ या तीन दिशांचे रस्ते जिथे मिळतात, तो हा कळमनुरी तालुक्यातला फाटा प्रवाशांच्या तोंडी खिचडीसाठी प्रसिद्ध आहे. ‘झपाटलेला’ आला तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. पुढे दूरचित्रवाणीवरून हा चित्रपट घरोघरी पुनःपुन्हा पोचला. फाट्यावरच्या एखाद्या हॉटेलात, कोपऱ्यातल्या पडद्याकडे बघत नांदेडच्या गाडीची वाट पाहणारा माणूस कल्पून पाहावा. त्याला चित्रपटाचा आरंभ मिळत नाही आणि शेवटही मिळत नाही. मिळतो तो मधला तुकडा, एक माणूस जिवाच्या आकांताने सांगतो आहे आणि त्याचे कोणी ऐकत नाही. या प्रेक्षकाला ‘झपाटणे’ हा शब्द चित्रपटाने शिकवलेला नाही. मराठवाड्यात भानामती हे नाव गावोगाव ठाऊक आहे. बाधा, करणी, अंगात येणे ही तिथल्या अनेक घरांच्या आठवणीतली दुखणी आहेत, आणि ज्याला झपाटले असे सांगितले जाते तो जीव बहुधा बाईचा असतो.

म्हणून त्या तुकड्यावर येणारे हसू साधे राहत नाही. गावातल्या त्या बाईचे आणि पडद्यावरच्या लक्ष्याचे दुःख परस्परांच्या उलट आहे. लक्ष्या सांगतो ते खरे असूनही घर त्यावर विश्वास ठेवत नाही. बाईच्या बाबतीत घर विश्वास ठेवायला फार उतावीळ असते. ती बाधेच्या भाषेत किंचाळते तेव्हा सारे गाव धावून येते; थकव्याच्या, उपासमारीच्या, माराच्या भाषेत ती आधी काय म्हणाली होती, ते कोणी ऐकलेले नसते. दोन्हीकडे मूळ गोष्ट एकच आहे: घर ऐकत नाही. ‘झपाटलेला’ अंधश्रद्धेविरुद्धचा चित्रपट मुळीच नाही. त्यात मंत्र चालतो, आत्मा फिरतो, बाबा चमत्कार सांगतो ते खरे ठरते. तरीही तो एक गोष्ट करून जातो. झपाटणारा तो एका पुरुष गुन्हेगाराला करतो, झपाटले जाण्याचे संकट पुरुषावर आणतो आणि न ऐकले जाण्याची वेदना हशाच्या मध्यभागी ठेवतो. फाट्यावरचा प्रेक्षक ज्या गोष्टीला घरी घाबरतो, तिच्यावर येथे त्याला हसता येते, आणि हसताना सहानुभूती मात्र घाबरणाऱ्याकडेच राहते.

उत्तरभागापुढचा पेच आता स्पष्ट होतो. त्यासाठी त्याच वर्षीचे एक परदेशी उदाहरण घ्यावे. चार्ल्स अ‍ॅडम्स यांच्या व्यंगचित्रांतून १९३८ पासून अवतरलेले अ‍ॅडम्स कुटुंब १९९१ साली बॅरी सोननफेल्ड यांच्या चित्रपटात आले आणि १९९३ साली त्याचा पुढचा भाग निघाला. या घरात मृत्यू, छळयंत्रे आणि कबरी ही नित्याची गोष्ट आहे. घरातले कोणीच भीत नाही, भितात ते बाहेरचे. म्हणजे आश्रयभेद येथेही आहे, फक्त उंबरठा बदलला आहे. दुसऱ्या भागाने हे नेमके ओळखले. त्याने घरच्या मुलांना सभ्य, हसऱ्या, गोऱ्यागोमट्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात पाठवले आणि काकाशी लग्न लावायला एक धनलोभी खुनी स्त्री घरात आणली. भिणारे नवे मिळाले, म्हणून हसू नवे राहिले. अ‍ॅडम्स कुटुंबाची भुतावळ पुन्हा दाखवण्यापुरताच तो भाग थांबला असता, तर तो कौतुकसोहळा झाला असता.

‘झपाटलेला २’चा आरंभबिंदू तर्काने चोख आहे. लक्ष्या हयात नाही, म्हणून तात्या विंचूला आता त्याचा मुलगा आदित्य हवा आहे. ऋण बापाकडून मुलाकडे येते, ही कल्पना पितृऋण मानणाऱ्या समाजाला समजावून सांगावी लागत नाही. आदित्यची भूमिका दिग्दर्शकाचे चिरंजीव आदिनाथ कोठारे यांनी केली, त्यामुळे वारशाचा हा धागा पडद्याबाहेरही पोचला. पण वारसा आला तो कीर्तीसकट आला. तात्या विंचू आता सर्वांना माहीत आहे. वीस वर्षांपूर्वी जी मुले त्याला पाहून पांघरुणात शिरली, ती आपली मुले घेऊन त्याला भेटायला आली. त्रिमिती तंत्राने बाहुला प्रेक्षकाच्या अंगावर येतो खरा, पण लाडका पाहुणा अंगावर आल्याने कोणी भीत नाही. पहिल्या भागाचे मर्म जो अविश्वास, त्याला उभे राहायला जागाच उरली नाही.

याहून अवघड अडचण दुसरी होती. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. लक्ष्या कथेतही नाही आणि जगातही नाही. विश्वनाथाने हास्याचा जो दुसरा वैरी सांगितला, तो करुण येथे उभा राहतो. भयाचे तसे करुणाचे येथे करता येत नाही. भय लक्ष्याचे होते, म्हणून प्रेक्षक मोकळा होता. ही उणीव मात्र पात्राइतकीच प्रेक्षकाची आहे. दोघांचाही लक्ष्या गेला आहे. आश्रयभेदच संपला की विरोधाचा परिहार कशाने करायचा? उत्तरभाग या प्रश्नाशी झुंजत नाही. गाणी, शर्यतीसारखी कथा आणि ओळखीच्या चेहऱ्यांची हजेरी यांच्या आधाराने तो त्याला वळसा घालतो. ‘महानिर्वाण’ने प्रेतालाच बोलते केले आणि करुणाला हास्याच्या तोंडी दिले. शब्दभ्रमाच्या कलेवर उभ्या असलेल्या चित्रपटाला तर ते सहज साधले असते, कारण गेलेल्याचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून काढणे हीच त्या कलेची करामत.

जून २०१३ मध्ये हा चित्रपट लागला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघून वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. कायद्याचे काम विनोदाने करावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. पण कायदा मारणाऱ्याचा हात धरतो; मार खाणाऱ्याचे ऐकायला घराला तो शिकवू शकत नाही. पहिल्या ‘झपाटलेला’ने ते थोडेसे, हसत हसत, केले होते. त्याच्या उत्तरभागाने बाहुला सांभाळला, मंत्र सांभाळला, वंशही सांभाळला. ज्याचे कोणी ऐकत नाही असे माणूस मात्र त्याने नव्याने शोधले नाही; आणि ते माणूस फाट्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात सापडले असते.