जळकी काडी

रात्रीचे दोन वाजलेत, झोप उडाली आहे. १९७८ चा ‘स्ट्रेट टाइम’ हा चित्रपट पाहिला. डस्टिन हॉफमनचा मॅक्स डेम्बो सहा वर्षं तुरुंगात काढून लॉस एंजेलिसमध्ये बाहेर पडतो. डब्यांच्या कारखान्यात काम, भाड्याची खोली, जीव लावणारी एक मुलगी. एवढ्यावर तो खूश आहे. मग मित्र खोलीवर येऊन नशा करतो आणि मागे जळकी काडी राहते. पॅरोल अधिकाऱ्याला ती दिसते. मॅक्स पुन्हा आत! तपासणीत काही निघत नाही. पण हातची नोकरी गेलेली असते, तिचं काय?

सुटल्यावर तो त्या अधिकाऱ्याला भर हायवेवर, पँट उतरवून, कुंपणाला बेड्यांनी अडकवतो. मला त्याचा राग आला नाही. वाईट वाटलं, फार वाईट. नंतर तो दरोड्यांकडे वळतो, ते मी जवळजवळ न बघताच बघितले.

मूळ कादंबरी एडवर्ड बंकरची. सतराव्या वर्षी सॅन क्वेंटिन तुरुंगात गेलेला, लिहायलाही तुरुंगातच लागलेला माणूस. चित्रपटात त्याची छोटी भूमिकाही आहे.

शेवटी मॅक्सचे पोलिसांनी काढलेले फोटो येतात, एकेक मागे मागे जात. चेहरा कोवळा होत जातो. अजून मिसरूडही न फुटलेला.