माती वर नेणारा माणूस

आमची वाडी सरकारी कागदावर आता दोन ठिकाणी आहे. जुनी डोंगराच्या पोटाला, पोलादपूरच्या बाजूला, सावित्रीच्या खोऱ्यात. नवी खाली सपाटीवर, एका मापाच्या घरांची. जुन्या जागी राहायला मनाई आहे, जायला नाही. म्हणून यंदा गणपतीनंतर पाऊस उघडला तसा मी वर जाऊन आलो. डोंगराला पडलेला तांबडा ओरखडा लांबून, रस्त्यावरूनच दिसतो आणि जाणारा-येणारा त्याचे फोटो काढतो. त्याचं वर्णन मी करणार नाही. वर पोचल्यावर मला दिसली ती तात्यांची खाचरं, म्हणजे ती होती ती जागा.

तात्या माझे थोरले चुलते. शाळा चौथीपर्यंत, पण डोंगर कसा बनतो आणि कसा उतरतो हे मला पुढे पुस्तकांतून कळलं तेव्हा त्यातलं बरंचसं त्यांच्या तोंडून आधीच ऐकलेलं होतं. पुस्तकं सांगतात की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्यातले घट्ट थर कडे होऊन उभे राहिले, सच्छिद्र थर झिजून उताराला लागले, आणि दोन थरांच्या मधे कुठेकुठे तांबड्या मातीचा पट्टा राहिला. कड्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी त्या पट्ट्याशी येऊन अडतं आणि आडवं बाहेर पडतं. तिथे झरा असतो, आणि झरा असतो तिथे माणूस घर बांधतो. काळा पाषाणही कायमचा नसतो. तो कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत जातो, त्याचे धोंडे होतात, धोंड्यांची माती होते, आणि कड्याखाली पडून पडून तिचा एक जाड उतार तयार होतो. आमच्या पूर्वजांनी घरं बांधली ती या उतारावर. खाली नदीकाठी पुराची भीती, वर नुसता खडक. खोल माती आणि बारमाही पाणी मिळायचं ते याच पट्ट्यात. म्हणजे वाडी वसली तीच मुळी जुन्या दरडींवर. भात, नाचणी, फणस, गोठ्यातलं शेण मुरलेली परसातली माती, सगळं आम्हाला दरडीनंच आणून दिलेलं.

तात्यांना हे ठाऊक होतं. घरामागच्या किंजळीचा बुंधा जमिनीतून आधी उताराच्या बाजूला तिरका निघायचा आणि मग वाकून सरळ वर जायचा. लहानपणी आम्ही त्या वाकावर घोडा घोडा खेळायचो. तात्या म्हणायचे, ‘माती सरकत्ये रं. झाड बिचारं परत परत उभं ऱ्हातं.’ भूगोलात याला मृदासर्पण म्हणतात. माती वर्षाला इतकी थोडी सरकते की डोळ्यांना पत्ता लागत नाही, पण झाडाच्या खोडात ती सगळी वर्षं उमटलेली असतात.

पावसाळ्यात वरच्या खाचरातली माती खालच्यात उतरते, खालच्यातली पऱ्यात, पऱ्यातली सावित्रीत. शिमगा झाला, जमीन वाळली, की तात्या सगळ्यात खालच्या खाचरात उतरायचे. तिथे साचलेली माती कुदळीनं मोकळी करायची, घमेल्यात भरायची आणि डोक्यावरून सगळ्यात वरच्या खाचरात नेऊन पसरायची. काकी, माझी आई, आम्ही पोरं, सगळे त्या रांगेत. उन्हात टाळू भाजायची, मातीचे कण मानेवरून पाठीत उतरायचे, आणि तात्या मात्र रिकामं घमेलं घेऊन खाली येताना काहीतरी गुणगुणत असायचे. एकदा मी वैतागून विचारलं, पावसात ती परत खालीच जाणार ना? ते म्हणाले, ‘जाणारच. पन समदी जायला नको. आपुन नेली तेवढी तिला येकदा जास्त चालावं लागंल.’ मी पुढे शिकलो, नोकरीला लागलो, डोंगरउतारांवर लिहिलेलं बरंच वाचलं. बांध घालणं, पाणी वळवणं, उताराचा पायथा न उकरणं, या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी तात्यांचं तेच एक वाक्य आहे असं मला अजूनही वाटतं.

ओट्याला भेग पडली की ते तिच्यावर शेणाचा पातळ पट्टा आडवा ओढायचे. चार दिवसांनी पट्टा अखंड असेल तर भेग जुनी, तडकला असेल तर जमीन हलतेय. झऱ्याचं पाणी भर पावसात निवळ असेल तर ठीक, गढूळ झालं की ते जेवताना बोलायचे नाहीत.

आणि ती श्रावणातली रात्र. मी सातवी-आठवीत असेन. पाऊस कौलांवर असा पडत होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. तात्या पडवीत बसले होते. त्यांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, ‘ऐक.’ मला फक्त पाऊस ऐकू येत होता. ‘पाऊस नगं ऐकू. पऱ्या ऐक.’ घरामागचा पऱ्या पावसाळ्यात इतका गर्जायचा की त्याच्या आवाजाची सवय होऊन तो ऐकू येईनासा व्हायचा. त्या रात्री पहिल्यांदा तो ऐकू आला, कारण तो बारीक होत चालला होता. तात्यांनी कंदील पेटवला, डोक्यावर इरलं घेतलं आणि खाली उतरले. मी मागोमाग. तिन्हीसांजेला मांडीएवढं असलेलं पाणी घोट्याशी आलं होतं. कंदिलाच्या उजेडात ओले धोंडे उघडे पडलेले दिसत होते आणि पाऊस तसूभरही कमी नव्हता. तात्यांनी पाण्यात हात घातला, बोटं चोळून पाहिली. ‘वर कुनीतरी धरलाय त्याला,’ एवढंच म्हणाले.

मग ते घरोघर फिरले. माणसं कुरकुरली, कुणी शिव्या घातल्या. ढोरांची दावी सोडली. एक म्हातारी चुलीपुढून हलेना, तिला त्यांनी पाठीवर घेतलं. सगळ्यांना त्यांनी देवळाकडे नेलं. देऊळ डोंगराच्या सोंडेवर, घळीपासून बाजूला. वरून सुटलेलं सगळं घळीतून येतं, सोंडेवर येत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. देवळात दाटीवाटीनं बसलो. ओल्या घोंगड्यांचा वास, कुणाचं तरी रडणारं पोर. तात्या दारात उभे, पाठ आमच्याकडे. पहाटेच्या आधी वास बदलला. ओल्या मातीचा, ताज्या मोडलेल्या लाकडाचा उग्र वास आला आणि त्यामागून धोंड्यावर धोंडा आपटल्याचा आवाज. पायाखालची फरशी थरथरली. वर घळीत झाडं आणि धोंडे अडकून पाण्याला जो बांध पडला होता, तो फुटला होता.

उजाडल्यावर पाहिलं तर तात्यांची दोन खाचरं आणि गोठा गेला होता. घरं राहिली. तात्यांनी आधी माणसं मोजली, मग ढोरं, मग काकीला म्हणाले, ‘चाय टाक.’ त्या शिमग्याला त्यांनी पऱ्यानं आणून टाकलेल्या धोंड्यांचाच नवा बांध घातला आणि खालून माती आणायला सुरुवात केली. ती खाचरं पुन्हा भाताला आली ते मी पाहिलंय.

२००५च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या आणि जवळपास दोनशे माणसं गेली, तेव्हा तात्या होते. बातमी ऐकून ते शेणाचा पट्टा घेऊन सगळ्या वाडीच्या भिंती बघत फिरले. त्यानंतरच्या दरडींना ते नव्हते. ३० जुलै २०१४ला माळीण गाडलं गेलं. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला समोर गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी लोक म्हणतात, डोंगर कोसळला. डोंगर बहुतेक वेळा जागेवरच असतो. कोसळतं ते त्याच्या अंगावर साचलेलं मातीचं पांघरूण. कोरडी असताना माती कणाला कण धरून उभी असते. पाणी कणांच्या मधे भरत गेलं की ते कणांना एकमेकांपासून दूर रेटतं, पकड सुटते आणि वजन मात्र वाढलेलं असतं. मग उताराला पायथ्याचा जेवढा आधार असेल तेवढाच.

आणि आमच्या उताराचा पायथा कापला गेला. हे शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, जमत नाही. तात्या गेल्यावर माझ्याच भावकीतल्या एकानं खालच्या ताली विकल्या. घेणाऱ्याला तिथे बंगला हवा होता, बंगल्याला सपाटी हवी होती. जेसीबी आला आणि तात्यांनी धोंडा-धोंडा निवडून घातलेला बांध एका सकाळी भरावात गेला. उताराला उभा काप दिला गेला, पऱ्याला मोठ्या मोरीऐवजी एक अरुंद पाइप मिळाला. ज्या माणसाचं पोट त्या मातीवर भरलं, त्याच्या घरातल्याच माणसानं तिचे पाय तोडून दिले, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाईल असं वाटत नाही.

२०२१च्या त्या पावसात, २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत, महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो सगळा आमच्या डोक्यावरचा. आमचा उतार सुटला तेव्हा वाडीत माणूस नव्हतं. पऱ्या बारीक झाला की देवळात जायचं, ही रीत त्या श्रावणापासून वाडीत पडली होती, आणि ज्यांनी तात्यांना पाहिलंही नव्हतं ती पोरंसुद्धा त्या रात्री सोंडेवर जाऊन बसली. बंगल्याची जोती अजून अर्धी गाळात आहेत.

वरून परतताना मी महाडला थांबलो. महाबळेश्वरच्या पठारावर कृष्णा आणि सावित्री एकाच जागी उगम पावतात असं मानतात. कृष्णा पूर्वेला वळून १४०० किलोमीटर चालते. सावित्री तेराशे मीटरहून उंच पठारावरून पश्चिमेला उडी टाकते आणि सुमारे शंभर किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. एवढ्या उताराची नदी मागे मागे डोंगर खात जाते. कोकणाची चिंचोळी पट्टी आणि तिच्या पूर्वेला उभी असलेली सह्याद्रीची भिंत घडली ती अशा नद्यांनी आणि त्यांच्या खोऱ्यांत उतरलेल्या दरडींनी. नदी पायथा खाते, उतार तिच्यात माती ओततो, ती माती उचलून नदी पुढे जाते. आमच्या बाजूला तिच्या पात्रात माणसाएवढे धोंडे आहेत, पोलादपूरशी गोटे, महाडला वाळू आणि गाळ. पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबतं महाडपर्यंत येत. आता पात्र उथळ झालंय. वरून काळ, गांधारी आणि सावित्रीचा लोंढा आणि खालून भरती एका वेळी आली की बाजारपेठेत पाणी शिरतं. काठावरच्या गाळाच्या ढिगांवर मगरी ऊन खात पडलेल्या होत्या. पलीकडे त्याच पात्रातला काढलेला गाळ डंपरमध्ये भरला जात होता. त्यात आमच्या खाचरांची माती किती, हे कुणाला सांगता येणार नाही, पण ती त्यात आहे.

नव्या वसाहतीत काकी राहते. घर चांगलं आहे, नळाला पाणी येतं, ती तक्रार करत नाही. पण वसाहतीच्या मागे टेकाड आहे आणि जागा वाढवण्यासाठी तेही पायथ्याशी उभं कापलेलं आहे. कापाच्या तोंडाशी पावसाळ्यात पाणी पाझरतं, ते काकीनं मला नेऊन दाखवलं. मागच्या ग्रामसभेत मी तो विषय मांडला. टेकाडाच्या माथ्याशी आडवा चर खणून पाणी बाजूच्या वहाळात सोडायचं, आणि कापाला दगडी बांध घालून त्यात पाण्याला बारी ठेवायची. निधी कुठून, यावर बराच वाद झाला. शेवटी वाडीतल्या पोरांनी चराचं काम श्रमदानानं करायचं कबूल केलं. शिमगा झाला की सुरुवात करायची आहे, कुदळी आणि घमेली मी घेऊन येणार आहे.