काळ्या पाण्याखालीं

आमच्या पणजोबांच्या काळीं समुद्र ओलांडून परत येणाराला प्रायश्चित्त घ्यावें लागे. समुद्राच्या पोटांत उतरून वर येणाराचें काय करावें, याविषयीं मात्र आमच्या घरांतील पोथ्या मौन पाळून आहेत; तो वर येईल अशी कल्पनाच शास्त्रकारांस नसावी. गेल्या माघांत आमच्या अकरा माणसांच्या कुटुंबापैकीं चौघे जण हा अशास्त्रीय उद्योग करावयास निघाले. तिघांनीं तो तडीस नेला. फजिती झाली ती फक्त आमची.

अंदमानची कल्पनाहि आमचीच. मराठी घरांत अंदमान म्हटलें कीं प्रथम आठवण होते ती बाबाराव व तात्याराव सावरकरांची. त्यामुळें पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, उतरतांच आधीं सेल्युलर तुरुंग पाहिला. १९०६ सालीं बांधून पुऱ्या झालेल्या त्या इमारतींत हे दोघे बंधु १९२१ पर्यंत खितपत होते. आमचे थोरले बंधु कोठडीच्या दारांत हात जोडून उभे राहिले, आणि त्यानंतर बराच वेळ कोणी कोणाशीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं बोटीनें हॅवलॉक बेटाकडे निघालों. लहानपणापासून ज्याचा धाक घेतला तें 'काळें पाणी' पाहतों तों काचेसारखें हिरवें!

हॅवलॉकला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात. वस्ती बहुतेक बंगाली. पूर्व बंगालमधून निर्वासित झालेलीं कुटुंबें १९५० नंतर तेथें वसविण्यांत आलीं. गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर हीं गांवांचीं नांवें ऐकून आपण बेटावर आलों कीं वृंदावनांत, असा संभ्रम पडावा. आम्हांस पाण्यांत नेणारा शिक्षक अशाच एका निर्वासिताचा नातू होता. मुलगा गोड, पण पहिल्याच भेटींत त्यानें आम्हांस 'दादू' म्हटलें. दादू म्हणजे आजोबा. बासष्टाव्या वर्षीं हें संबोधन अन्यायाचें नव्हे हें कळत असूनहि तें मनाला लागलें, आणि पुढील अनर्थाचें मूळ तेंच असावें असा आमचा संशय आहे.

तेथील 'नीमो रीफ' नांवाची जागा नवशिक्यांकरितां प्रसिद्ध आहे. बोटींतून उडी मारण्याचा प्रसंग नाहीं; किनाऱ्यावरून चालत जावें, कमरेइतक्या पाण्यांत साहित्य चढवावें, आणि वाळूच्या उतारानें हळूहळू खालीं जावें. प्रवाळ थोड्याच अंतरावर लागतें. नवशिक्यास बारा मीटरांच्या खालीं नेत नाहींत, आणि शिक्षक सबंध वेळ पाठीवरची टाकी धरून असतो. पोहतां आलेंच पाहिजे अशीहि अट नव्हती. या टाकींत प्राणवायु असतो अशी आमच्या घरांत सर्वांची समजूत होती. शिक्षकानें सांगितलें कीं ती साधी, आपण घेतों तीच हवा; फक्त दोनशें पट दाबानें कोंडलेली.

त्यानें वाळूवर बसवून पहिला धडा दिला तो श्वासाचा. खालीं असतांना श्वास कधीं रोखावयाचा नाहीं. कारण वर येतांना छातींतली हवा फुगते आणि तिला वाट नसली तर फुप्फुसास इजा होते. मग खुणा. अंगठा वर केला म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. अंगठा व तर्जनी यांचें वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. पंजा आडवा धरून डोलविला म्हणजे 'बिघडलें आहे', आणि मग जेथें बिघडलें त्या अवयवाकडे बोट दाखवावें. नंतर त्यानें एक छापील कागद पुढें केला. हृदयविकार, दमा, अपस्मार, कानाचें दुखणें, सारें त्यांत विचारलें होतें. थोरल्या बंधूंच्या हृदयांत स्टेंट आहे. त्यांनीं डॉक्टरांचा नकार पुण्याहूनच आणला होता, आणि ते प्रसन्न मुद्रेनें सर्वांच्या चपला सांभाळीत बसले होते. आम्हीं रक्तदाबाची गोळी लिहिली, डॉक्टरांचें पत्रहि जोडलें. शेवटीं शिक्षकानें तोंडी विचारलें, "दादू, सर्दी?"

बोटींतल्या कृत्रिम थंडीनें आदल्या दिवसापासून आमचें नाक चोंदलें होतें. सौभाग्यवती रबरी पोषाख चढवून तयार होती. थोरल्या वहिनी तिच्याकडे पाहून "अगोबाई, मासोळीच झालीस कीं!" म्हणत होत्या. पुतण्या आणि पुतणी आमच्याकडे कौतुकानें पाहत होतीं. आम्हीं सांगितलें, "छे, मुळींच नाहीं."

सर्दीचें एवढें काय, असें वाचकांस वाटेल. आम्हांसहि वाटलें होतें. कानाच्या पडद्यामागें हवेची एक लहानशी कोठी असते आणि तिची नळी घशांत उघडते. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तो वाढूं लागला कीं नाक चिमटींत धरून हळूच फुंकावें, म्हणजे नळीवाटे हवा आंत जाऊन पडदा समतोल राहतो. सर्दीनें नळी बंद असली तर पडदा आंत खेंचला जातो. हा फरक अगदीं वरच्या थरांतच फार जाणवतो. फार खोल जावेंच लागत नाहीं.

तीन मीटरांवर आमच्या डाव्या कानांत कोणी सुई खुपसावी तशी कळ आली. समोर पांढरी वाळू, तींत उन्हाचीं जाळीं, काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे दोन मासे. एवढेंच आम्हीं पाहिलें. शिक्षकानें वर्तुळ करून विचारलें, "ठीक?" आम्हींहि वर्तुळ केलें. त्यानें पुन्हां विचारलें. आम्हीं पुन्हां वर्तुळ केलें. तिसऱ्या वेळीं त्यानें आमच्या बोटांकडे पाहिलेंच नाहीं. मुखवट्याच्या कांचेआड डोळ्यांकडे पाहिलें, आणि अंगठा वर केला.

वर येऊन मुखवटा काढला तों आंत रक्त. सर्दीनें चोंदलेल्या नाकांतलें तें थोडेंसेंच, पाणी मिसळून पुष्कळ दिसणारें. पण किनाऱ्यावर एकच कल्लोळ झाला. शिक्षक रागावला नाहीं. "पडदा फाटला असता, दादू," एवढेंच म्हणाला. सौभाग्यवतीनें रबरी पोषाख उतरविला आणि संध्याकाळपर्यंत अवाक्षर काढलें नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर ती म्हणाली, "अहो, त्या वर्षीं तुमचा पगार चार महिने थकला होता, तेव्हांहि तुम्ही असंच 'ठीक आहे' म्हणालां होतांत. मला वाण्यानं सांगितलं तेव्हां कळलं."

"ती गोष्ट निराळी," आम्ही म्हणालों.

"निराळी कशी? मी तुमच्या मागोमाग पाण्यांत यायची होतें. तुम्ही वर्तुळ दाखवलंत म्हणजे मी खरं मानायचं कीं नाहीं?"

छत्तीस वर्षांच्या संसारांत आम्हांस उत्तर सुचलें नाहीं असे प्रसंग थोडे आहेत. त्यांत याची भर पडली.

तिसऱ्या दिवशीं ती गेली. आम्हींच आग्रह केला. आम्ही थोरल्या बंधूंच्या शेजारीं चपलांच्या ढिगापाशीं बसलों. पाण्यावर बुडबुडे फुटत दूर जात होते. त्यांतले तिचे कोणते हें ओळखण्याचा आम्हीं यत्न केला, आणि मग ते दिसेनासे झाले. अर्धा तास मोठा असतो. आमच्या हातून न कळविलेल्या गोष्टींची वाट तिनें अशीच किती वेळां पाहिली असेल, याचा हिशेब त्या अर्ध्या तासांत कांहीं केल्या जुळेना. बंधु घड्याळ पाहत नव्हते. आम्ही पाहूं लागलों कीं आमचें मनगट दाबून धरीत.

ती वर आली ती बोलतच. दोरखंडासारख्या बाहूंच्या समुद्रफुलांत नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे लपंडाव खेळत होते. जागेला नांव त्यांच्यावरूनच पडलें आहे. शिक्षकानें सांगितलें कीं त्यांच्या कुटुंबांत सर्वांत मोठी ती मादी, सत्ता तिची. ती मेली तर तिचा नर स्वतःच मादी होऊन कारभार हातीं घेतो. ही माहिती तिनें आम्हांस दोनदां सांगितली. चोंचीसारख्या दातांचा एक मासा प्रवाळ कुरतडीत होता. त्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू पुष्कळशी त्याच्याच पोटांतून आलेली. एके ठिकाणीं संगमरवरासारखें शुभ्र प्रवाळ होतें. सर्वांत सुंदर तेंच, असें ती म्हणाली.

शिक्षकाचा चेहरा उतरला. प्रवाळ म्हणजे लहान लहान जीवांची वसाहत. त्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें. रंग त्याचा, आणि बरेंचसें अन्नहि तेंच पुरवितें. पाणी फार तापलें कीं हें शैवाल बाहेर पडतें आणि प्रवाळ पांढरें पडतें. २०१० व २०१६ सालीं अंदमानांत असें झालें, आणि जगभर पुन्हां तसेंच चालू असल्याचें शास्त्रज्ञांनीं २०२४ च्या एप्रिलांत जाहीर केलें. "पांढरं म्हणजे मेलेलंच नव्हे, काकीमा," तो म्हणाला, "पण उपाशी आहे. लवकर पाणी निवलं तर रंग परत येतो."

सौभाग्यवती बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली.

पुण्यास परतल्यावर ओळखीच्या मंडळींना समुद्रतळाचें वर्णन तीच सांगते. आम्ही फार तर तीन मीटरांपर्यंत साथ करतों. ती खुणांची भाषा मात्र घरांत राहिली आहे. परवां आमटीचा पहिला भुरका घेतल्यावर तिनें स्वयंपाकघराच्या दारांतून वर्तुळ करून विचारलें. आम्हीं क्षणभर विचार केला, पंजा आडवा धरून डोलविला, आणि मिठाच्या बरणीकडे बोट दाखविलें.