दूरचा प्रेक्षक

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत खेळ म्हटला म्हणजे खो-खो. सन २०१६ मध्यें गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेंत भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार म्हणून सुवर्णपदक जिंकणारी आणि २०२० मध्यें अर्जुन पुरस्कार मिळविणारी सारिका काळे ही याच मातींतली. असें असतां मी फुटबॉलवर लिहावयास बसलों आहें, याबद्दल जिल्हाभिमानी वाचकांनीं रागावूं नये. माझा जन्म मुंबईचा. बाबा अंधेरीस एका उपाहारगृहांत गल्ल्यावर बसत, आणि तेथून पायीं जातां येईल इतक्या अंतरावर अंधेरीच्या क्रीडासंकुलाचें मैदान होतें. मुंबई सिटी या संघाचे घरचे सामने तेथेंच होत. बाबांना सुट्टी मिळाली कीं आम्ही तिघे, म्हणजे बाबा, थोरले बंधू आणि मी, स्वस्तांतलें तिकीट काढून जात असूं.

ता. ९ मार्च २०१९ ची रात्र मला अजून आठवते. उपांत्य फेरीचा पहिला सामना होता आणि समोर गोव्याचा संघ होता. पहिला गोल आमच्या रेनियर फर्नांडिसनें केला. बाबांनीं माझ्या पाठीवर अशी थाप मारली कीं माझ्या हातांतले शेंगदाणे पुढच्या गृहस्थांच्या डोक्यावर सांडले. त्यानंतर मात्र गोव्यानें एकामागून एक पांच गोल केले. आम्ही मुकाट्यानें घरची वाट धरली. वाटेंत बंधू तेवढे म्हणाले, "त्यांच्या प्रशिक्षकानें त्यांना खेळायला शिकवलंय. आपले नुसते धांवतात." तो प्रशिक्षक म्हणजे सर्जिओ लोबेरा नांवाचा स्पॅनिश गृहस्थ, बार्सिलोनाच्या मुलांच्या संघांना शिकवून पुढें गोव्यास आलेला. त्या रात्रीं मीं त्याला मनांतल्या मनांत पुष्कळ वाईट म्हटलें.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली आणि उपाहारगृहाचें दार बंद झालें. मे महिन्यांत बिऱ्हाड गुंडाळून आम्ही तुळजापूर तालुक्यांतील आमच्या गांवीं आलों. बंधू नोकरीसाठीं मुंबईसच राहिले. माझें नांव आपल्या शाळेंत नववींत घातलें गेलें. परंतु शाळा बंद, तेव्हां शाळेची इमारत पाहण्याआधींच मी शाळेचा विद्यार्थी झालों. आबांचें वय झालें होतें. त्यांनीं शेताचा कारभार बाबांच्या हातीं दिला. बाबांनीं वीस वर्षें दुसऱ्याचा गल्ला सांभाळला होता. शेत सांभाळण्याची ही पहिलीच खेप. पहिलें पीक सोयाबीनचें. ऑक्टोबरच्या मध्यास असा पाऊस कोसळला कीं कापून ठेवलेल्या गंजी पाण्यांत उभ्या राहिल्या आणि शेंगांना मोड फुटले. जिल्हाभर तीच दशा होती. आबा एक शब्दही बोलले नाहींत, आणि तें बोलण्याहून वाईट होतें.

त्याच महिन्यांत बंधूंचा फोन आला. "ऐकलंस का? लोबेरा आपल्याकडं आला!"

मला तें खरेंच वाटेना. गोव्यानें त्याला जानेवारी २०२० च्या अखेरीस, संघ गुणतक्त्यांत पहिल्या स्थानावर असतांना, काढून टाकलें होतें. इकडे मुंबई सिटीची मोठी मालकी मँचेस्टर सिटीवाल्या मंडळींनीं घेतली होती आणि आदल्या हंगामांत पांचव्या क्रमांकावर राहिलेल्या आमच्या संघाला त्यांना नवें वळण लावावयाचें होतें. लोबेरा एकटा आला नाहीं. अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमूस आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हे त्याचे जुने शिष्यही आमच्याकडे आले. ज्यांनीं आम्हांला रडविलें तेच आतां आमचे! मनाला ही अदलाबदल पचावयास थोडे दिवस लागले.

तो हंगाम इतर हंगामांसारखा नव्हता. साथीमुळें सगळ्या संघांना गोव्यांत एकत्र ठेवलें होतें, आणि फातोर्डा, बांबोळी व वास्को येथील तीन मैदानांवरच सगळे सामने झाले, तेही प्रेक्षकांविना. एक गोष्ट माझ्या ध्यानीं आली आणि खरें सांगतों, तिनें मला फार बरें वाटलें. अंधेरींतल्या ज्या मुलांचा मला हेवा वाटत होता त्यांनाही मैदानाचें दार बंदच होतें. त्या वर्षीं मुंबईचा प्रेक्षक आणि तुळजापूर तालुक्यांतला प्रेक्षक हे मैदानापासून सारखेच दूर होते.

माझें मैदान म्हणजे बाबांचा मोबाईल. त्याच मोबाईलवर सकाळीं शाळेचे तास असत आणि डेटा दिवसाला ठराविक मिळे. भूमितीचे कांहीं तास मीं संध्याकाळच्या सामन्यासाठीं वांचविले, हें आज येथें कबूल करतों. भूमितीच्या सरांनीं क्षमा करावी. परीक्षेंत त्याचें फळ मिळालेंच.

पहिला सामना ता. २१ नोव्हेंबरला, गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडशीं. पूर्वार्ध संपण्याआधींच जाहूला तांबडें कार्ड मिळालें, पुढें पेनल्टीवर गोल झाला आणि आम्ही शून्य-एक असे हरलों. बाबा हरभऱ्याचें बियाणें निवडीत बसले होते. मान वर न करतां ते म्हणाले, "गेलं यांचंही सोयाबीन."

लोबेराची रीत अशी होती. गोलरक्षक अमरिंदरसिंग यानें चेंडू लांब भिरकावयाचा नाहीं. जवळच उभ्या असलेल्या फॉलकडे तो हळूच सरकवावयाचा. मग जाहूनें मागें येऊन तो घ्यावयाचा. आपल्याच गोलाच्या तोंडाशीं हा खेळ पाहून प्रतिपक्ष पुढें धांवून येई, आणि तो पुढें आला कीं त्याच्या पाठीमागें जी जागा मोकळी पडे तेथें बूमूस किंवा बिपिनसिंग शिरत. हें साधलें म्हणजे डोळ्यांचें पारणें फिटे. न साधलें तर मात्र चेंडू आपल्याच जाळ्यांत. बाबा दर खेपेस ओरडत, "अरे, लांब मार! लांब मार!"

गंमत अशी कीं शेतांत तेच बाबा निराळे होते. त्यांनीं कृषिसहायकाचें ऐकून हरभरा रुंद वरंब्यांवर पेरला होता, म्हणजे पाऊस पडला तरी पाणी सऱ्यांतून वाहून जावें. आबांना तें मुळींच पटलें नव्हतें. "इतकी जमीन मोकळी ठिवायची? कुणाच्या बापानं ठिवली व्हती?" असें ते बांधावर उभे राहून म्हणत, आणि ज्यानें ठेवली नव्हती तो बाप स्वतःच होता.

डिसेंबरांत मात्र आबांनींच आम्हांला फुटबॉल शिकविला. तोंवर संघ जिंकूं लागला होता. गोव्याविरुद्ध अगदीं अखेरच्या क्षणीं ल फाँड्रनें पेनल्टीवर गोल केला तेव्हांपासून पराभव असा नव्हताच. आबा तरुणपणीं गांवच्या खो-खो संघांत होते. एका संध्याकाळीं ते माझ्या खांद्यावरून बराच वेळ मोबाईलकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर खो-खो हाय."

मीं विचारलें, "तो कसा, आबा?"

"पाठलाग करणाऱ्याला मागं वळता येतं का? न्हाई. मग त्यो काय करतो? ज्याचं तोंड दुसरीकडं हाय त्याला खो देतो. ह्यो बघ, ह्याचं तोंड आपल्याच जाळीकडं हाय, म्हणून त्यानं चेंडू त्याला दिला ज्याचं तोंड म्होरं हाय. ह्या मास्तरला खो-खो ठावं असंल."

लोबेराला खो-खो ठाऊक होता असें मला वाटत नाहीं. परंतु फुटबॉलचीं इतकीं विवेचनें मीं पुढें ऐकलीं, त्यांत आबांच्याइतकें नेमकें एकही नव्हतें. खो-खोच्या ओळींत खेळाडू आळीपाळीनें विरुद्ध दिशांना तोंडें करून कां बसतात, हें ज्या मुलाला कळतें त्याला जाहू मागें कां येतो हेंही कळेल.

ता. ११ जानेवारी २०२१ चा सामना मीं शेतांत पाहिला. त्या आठवड्यांत शेताची वीज रात्रीं येई आणि बाबा हरभऱ्याला पाणी देण्यास जात. मीही घोंगडें घेऊन गेलों. समोर मोहन बागानचा संघ, गुणतक्त्यांत आमच्या खालोखालचा. मोबाईल विहिरीच्या कठड्यावर ठेवला होता. मोटारीच्या आवाजांत समालोचन कांहीं ऐकूं येत नव्हतें. बाबा फावडें घेऊन एका सरींतून दुसऱ्या सरींत पाणी वळवीत होते, आणि मी अंधारांतून ओरडून सांगत होतों. एकोणसत्तराव्या मिनिटाला ओगबेचेनें गोल केला. "बाबा, गोल!" असें मी ओरडलों तेव्हां पलीकडच्या शेतांतल्या काकांना वाटलें कीं विहिरींत कोणी पडलें. ते बॅटरी घेऊन धांवत आले, आणि मग तेही सामना संपेपर्यंत बसले.

पहिल्या पराभवानंतर सलग बारा सामने आम्ही हरलों नव्हतों. ता. ३० जानेवारीला पुन्हां त्याच नॉर्थईस्टनें आम्हांला हरविलें. फेब्रुवारींत बंगळूरूनें चार गोल केले, जमशेदपूरनें दोन. मोहन बागान पुढें निघून गेला. बंधूंच्या मित्रमंडळींत, मागच्या महिन्यापर्यंत लोबेराची आरती करणारेच आतां म्हणूं लागले कीं याची एकच युक्ति आणि ती सगळ्यांना कळली. इकडे हरभरा काढून ठेवला होता आणि आभाळ भरून आलें. अवकाळी पावसाचे थेंब पडूं लागले तेव्हां आम्ही चौघे जण ताडपत्रीचे चार कोपरे धरून रात्रभर जागलों. बाबांनीं त्या रात्रीं मला प्रथमच सांगितलें कीं उपाहारगृहाच्या मालकांचा निरोप आला आहे. मार्चअखेर या, नाहीं तर दुसरा माणूस ठेवूं. आईला तें आधींच माहीत होतें. आबांना माहीत नव्हतें, पण ताडपत्रीचा चौथा कोपरा त्यांच्याच हातांत होता.

पुढचें सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतों. ओडिशावर आम्ही सहा गोल केले. त्यांतले तीन बिपिनचे. मग २८ फेब्रुवारीला बांबोळी येथें मोहन बागानशीं साखळींतला शेवटचा सामना. त्यांचे गुण ४०, आमचे ३७. जिंकलों तरच सोय. फॉलनें सातव्याच मिनिटाला डोक्यानें गोल केला आणि ओगबेचेनें दुसरा. गुण समसमान झाले, परंतु त्यांना आम्ही दोन्ही वेळां हरविलें होतें, म्हणून पहिलें स्थान आमचें आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगचें दारही आम्हांलाच उघडलें. उपांत्य फेरींत पुन्हां गोवा! दोन्ही सामने बरोबरींत सुटले, आणि पेनल्टींवर सहा-पांच असें आम्ही तरलों. २०१९ चे ते शेंगदाणे त्या रात्रीं फिटले असें मला वाटलें.

ता. १३ मार्च, फातोर्डा. अंतिम सामना मोहन बागानशींच. या वेळीं पाटील काकांच्या नव्हे, आमच्याच ओसरींत दहा-बारा माणसें जमलीं होतीं आणि मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. अठराव्या मिनिटाला जें व्हावयाचें तेंच झालें. आपल्या गोलाजवळ जाहूच्या पायांतून चेंडू निसटला, रॉय कृष्णानें तो विल्यम्सला दिला आणि गोल. बाबांनीं कपाळाला हात लावला. "वर्षभर ओरडतोय मी!" मग जाहूनेंच एक लांब चेंडू पाठविला, तो डोक्यानें परतवितांना तिरी याच्याकडून स्वतःच्याच जाळ्यांत गेला. एक-एक. थोड्या वेळानें आपला अमेय रानवडे दुसऱ्या खेळाडूवर आदळून निपचित पडला. रुग्णवाहिका मैदानांत आली. रिकाम्या खुर्च्यांमधली ती शांतता भयंकर होती. ओसरींतही कोणी बोलेना. आई देवघरांतून दिवा लावून आली. तो शुद्धीवर असल्याची बातमी नंतर कळली, आणि पुढें तो पुन्हां खेळूंही लागला.

नव्वदावें मिनिट. पुन्हां एक लांब चेंडू. मोहन बागानच्या गोलरक्षकाला तो नीट दूर करतां आला नाहीं. ओगबेचेनें तो बिपिनपुढें सरकविला आणि बिपिननें मारला. ओसरींत काय झालें तें मला सांगतां येणार नाहीं, कारण मोबाईल डब्यावरून खालीं पडला होता. तो उचलीपर्यंत बाबा सगळ्यांना ऐकवीत होते, "बघा, लांब मारला म्हणून जिंकले!" आबा म्हणाले, "सारा हंगाम जवळ दिला म्हणून त्यो लांबचा कुणाला सुचला न्हाई." हा वाद आमच्या घरीं अद्याप मिटलेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बाबांनीं अंगणांत उभें राहून मुंबईस फोन केला. ते एवढेंच म्हणाले, "शेठ, दुसरा माणूस बघा." हरभरा फार झाला होता असें नाहीं. वरंब्यावर पेरलेला भिजला नव्हता, इतकेंच.

लोबेरा मात्र पुढच्या हंगामाच्या तोंडाशींच मुंबई सोडून गेला. बाबांना वाईट वाटलें. आबा म्हणाले, त्याला शेत नव्हतें.

ऑक्टोबर २०२२ मध्यें अंधेरीचें मैदान प्रेक्षकांना पुन्हां उघडलें. बंधूंनीं आमच्यासाठीं दोन तिकिटें काढून ठेवलीं होतीं. पण सोयाबीन काढणीला आलें होतें, त्यामुळें बाबांना निघतां आलें नाहीं, आणि त्यांच्यावांचून मीही गेलों नाहीं. संध्याकाळीं बंधूंनीं मैदानांतून फोन लावला आणि कांहीं न बोलतां तो नुसता वर धरला. अडीच वर्षांनीं तो गलका ऐकूं आला. बाबांनीं विळा खालीं ठेवला, फोन कानाशीं घट्ट धरून बराच वेळ ऐकलें, आणि मोठ्यानें विचारलें, "किती झाले?"

"अहो बाबा," बंधू तिकडून ओरडले, "अजून सुरू व्हायचाय!"