दोन वीत, चार बोटं

उमरग्यातल्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत खिडकीखाली एक सागवानी फळी आहे. लांबी सहा फूट, रुंदी दोन वीत नि चार बोटं. खाली लोखंडी पाय लावून तिचं बाकडं केलंय. पाहुणे तिच्यावर टेकतात, पोरं दप्तरं टाकतात. एका कडेला बिजागरीची भोकं आहेत आणि कोपऱ्यात डिझेलचा एक काळा डाग. कितीही घासला तरी एप्रिल-मेच्या उन्हात त्याचा वास सुटतोच. ही फळी अठरा वर्षं आप्पांच्या ट्रकच्या कॅबिनमध्ये होती. त्याआधी ती आमच्या गावाकडच्या घराच्या छपरात होती.

आप्पांनी गाडी घेतली १९९० साली, टाटा १२१० एसई, तीही कुणीतरी आठ-नऊ वर्षं पळवलेली. तिचं इंजिन अर्धं बाहेर, अर्धं कॅबिनच्या आत. त्या काळात कंपनीकडून यायचा तो सांगाडा : चासी, इंजिन, चाकं आणि पुढचं तोंड. कॅबिन नि हौदा बांधायचं काम सुताराचं आणि वेल्डरचं. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन गाड्या आतून कधी सारख्या नसायच्या. आप्पा ज्यांच्या हाताखाली किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून शिकले त्या उस्तादांची गाडी त्याहून जुनी, तोंडावर मर्सिडीजचा तारा असलेली. टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये जर्मन कंपनीशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, तो करार १९६९ मध्ये संपला आणि तारा गेला. उस्ताद मात्र शेवटपर्यंत कुठल्याही टाटाला मर्सिडीजच म्हणत.

आप्पांच्या कॅबिनमध्ये दोन माणसांना बसायला जागा होती, एकालाही झोपायला नव्हती. सीटवर आडवं व्हावं तर मध्ये इंजिनचं बॉनेट. थंडीत त्या ऊबदार बॉनेटवर मुटकुळं करून झोपायचं. उन्हाळ्यात भरलेल्या मालावर, ताडपत्रीवर, उघड्या आभाळाखाली. पावसात गाडीच्या खाली, चाकांच्या मध्ये पोतं अंथरून. आईला या शेवटच्या प्रकाराची फार भीती वाटे. आप्पा हैदराबादच्या वाटेला गेले आणि रात्री पाऊस लागला की ती उठून बसायची. विचारलं तर म्हणायची, "तुझे आप्पा आता गाडीखाली असतील."

१९९३ चा सप्टेंबर. २९ तारखेला अनंत चतुर्दशी, गावात विसर्जन उशिरापर्यंत चाललं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही नावं पुढे देशभर झाली. सास्तूर तेव्हा आमच्याच तालुक्यात होतं, लोहारा तालुका नंतर वेगळा झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यातली बहुतेक झोपेत, स्वतःच्याच घराखाली. आमच्याकडची घरं माळवदाची : दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर किलचण आणि त्यावर फूट-दीड फूट माती. उन्हाळ्यात आत गार. पण भिंत सुटली की ती सगळी माती एकदम खाली येते.

आमचं घर मागच्या बाजूने बसलं. मी, आई, धाकटा भाऊ पुढच्या ढाळजेत होतो म्हणून वाचलो. आजी आतल्या खोलीत होती. मधली सागाची तुळई खाली आली ती एका टोकाने खांबाला अडकली आणि तिरकी उभी राहिली. तिच्या खाली कोनाड्याएवढी पोकळी राहिली, त्यात आजी. उजाडल्यावर गल्लीतल्या माणसांनी माती उकरून तिला बाहेर काढलं. तोंडात, केसांत माती. पाणी मागितलं आणि पहिलं विचारलं ते माझ्या बापाबद्दल.

आप्पा हुमनाबादच्या पुढे रस्त्याकडेला गाडीत होते. बॉनेटवर झोपलेले. गाडी हलली तेव्हा त्यांना वाटलं किन्नर टपावरून उतरतोय. पुढे चहाच्या टपरीवर रेडिओतून कळलं आणि माल तसाच घेऊन ते माघारी फिरले. त्या रात्रीपासून पाऊस लागला. छपराखाली जायला कुणी तयार नव्हतं. आप्पांनी माल उतरवला, हौद्यावर ताडपत्री ताणली आणि आम्ही व शेजारची दोन घरं त्या हौद्यात झोपलो. पत्र्याची शेड मिळेपर्यंत आमचं घर म्हणजे ती गाडी. जमीन अधूनमधून थरथरायची तेव्हा गाडीचे पाटे कुरकुरायचे. आजी म्हणायची, "हलू दे. हे हलतंय म्हणून पडत नाही."

मग पुनर्वसन सुरू झालं. ५२ गावं नव्या जागी उठवून बसवायची होती. सिमेंट, सळई, वाळू, शहाबादी फरशी, सगळ्याला गाड्या हव्या. आप्पा वाडीहून सिमेंट आणत. खेपेमागून खेप. एका ठेकेदाराने पहाटेच्या आत माल पोचला पाहिजे म्हणून बजावलं होतं. तिसरी रात्र होती. येणेगूरच्या अलीकडे आप्पांचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून बाभळीत गेली. आप्पांना खरचटलं. किन्नराचा हात मोडला, सोळा वर्षांचं पोर ते. आप्पा त्याला घेऊन घरी आले, त्याच्या आईपुढे बसले आणि काही बोलू शकले नाहीत. मी त्यांना तसं बसलेलं पुन्हा कधी पाहिलं नाही.

कॅबिनमध्ये झोपायला फळी करायची हे त्या आठवड्यात ठरलं.

लाकूड आजीने दिलं. पडलेल्या घरातल्या तुळया एका बाजूला रचलेल्या होत्या. तिच्या तुळईला तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. तिनेच सांगितलं, "ही घे. हिनं मला पेललंय, तुलाबी पेलंल." वखारीत तिच्या फळ्या पाडल्या तेव्हा मी आप्पांबरोबर होते. वरून काळीकुट्ट, चुलीच्या कैक वर्षांच्या धुरानं माखलेली. रंधा फिरला तसा आत मधासारखा रंग निघाला आणि सगळ्या वखारीभर आमच्या स्वयंपाकघराचा वास पसरला. मी तेरा वर्षांची होते. मला तिथं रडू आलं. सुतारमामांनी रंधा थांबवला, थोडं थांबले, मग पुन्हा चालू केला.

मामांनी आप्पांना जमिनीवर उताणं झोपवलं. सुतळीनं माप घेतलं. लांबीचा प्रश्न नव्हता, कॅबिनच्या रुंदीत जेवढी बसेल तेवढी : सहा फूट. खरा प्रश्न रुंदीचा. सीटच्या मागे जेमतेम वीतभर जागा. म्हणजे कॅबिनची पाठ मागे सारायची, आणि त्यासाठी हौद्याची पुढची बाजू कापून आत घ्यायची. पोत्यांची एक ओळ कमी होणार. डाळीच्या, सिमेंटच्या पोत्यांना त्याचा फरक नव्हता, तिथं जागेआधी वजनच पुरं होतं. पण सरकी, भुसा, कडबा असला हलका माल भरला की एक ओळ म्हणजे भाड्यातले पैसे. आप्पांनी हिशेब केला आणि म्हणाले, "जाऊ द्या. कापा."

मामा दोन वितींवर थांबणार होते. आप्पा कुशीवर वळले तेव्हा कोपर बाहेर आलं. मामांनी आणखी चार बोटं वाढवली.

त्यातली खरी कारागिरी मला पुष्कळ नंतर कळली. खडबडीत रस्त्यावर ट्रकची चासी पिळवटते, कॅबिन एकीकडे झुकते नि हौदा दुसरीकडे. फळी दोन्हींना जखडली तर महिन्याभरात चिरते. म्हणून मामांनी ती फक्त कॅबिनला धरली. पुढून बिजागऱ्या, मागे अँगलवर टेकू, आणि टेकूखाली जुन्या टायरचे कापलेले तुकडे. कॅबिनची नवी पाठ आणि हौदा यांच्यात चार बोटं मोकळी सोडली. फळी उचलली की खाली जॅक, टॉमी, स्टोव्ह. आईने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली, नेमकी त्या मापाची, अरुंद नि लांब. तशी वाकळ दुसऱ्या कुठल्या अंथरुणाला उपयोगाची नव्हती.

खूप वर्षांनी अमेरिकेतल्या ट्रकच्या नियमांत मला झोपायच्या जागेची मापं सापडली. १९५३ च्या आधी बसवलेल्या बर्थची रुंदी किमान १८ इंच, नंतर २१, आणि १९७५ च्या सप्टेंबरनंतर २४. लांबी १९५३ पासून ७५ इंच. मी फळीला टेप लावला. रुंदी २१ भरली, लांबीला ३ इंच कमी. ज्या देशानं माणसाच्या झोपेची रुंदी कायद्यात लिहिली त्याचं मला कौतुक वाटलं, आणि कायदा न वाचता कोपराकडे बघून २१ इंचांवर आलेल्या मामांचं त्याहून जास्त. आपल्याकडे २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. एका गाडीचा मालक, तोच ड्रायव्हर आणि एक किन्नर, ही माणसं त्यात मोडत नव्हती. आमच्या भागातले कितीतरी गाडीवाले असेच होते. २००० साली मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदललं आणि कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येईना. सुरक्षिततेसाठी ते बरोबरच आहे. मग झोपायची जागा कंपनीनंच द्यायला हवी, प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीत, मालकाच्या मर्जीवर न सोडता. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकला थंड हवेची कॅबिन सक्तीची झाली, हे वाचून मी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

त्या फळीवर मीही झोपले आहे. दिवाळीच्या सुटीत आप्पा मला सोलापूरपर्यंत न्यायचे. जळकोट गेलं की मी मागे चढायची. नळदुर्गच्या वळणावर गाडी हळू व्हायची, किल्ल्याचा बुरूज आडव्या खिडकीतून सरकताना दिसायचा. पाठीखाली इंजिनाची एकसारखी घरघर, नाकाशी डिझेल, वाकळीला आईच्या पेटीतल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास. आणि कधीमधी, ऊन तापलं की, लाकडातून अगदी बारीक धूर. आमच्या चुलीचा. घर पडून तीन-चार वर्षं झाली होती तरी.

फळी बसल्यापासून आप्पांचा नियम एकच : जांभई आली की गाडी बाजूला. पोचायला उशीर झाला म्हणून दोन व्यापारी तुटले. हात मोडलेला किन्नर बरा होऊन परत आला, पुढे स्वतः ड्रायव्हर झाला. त्याच्या गाडीला कंपनीचीच झोपायची जागा आहे. दसऱ्याला येतो तेव्हा तो आधी बाकड्याच्या पाया पडतो, मग आप्पांच्या.

२०१२ मध्ये गाडी भंगारात गेली. आप्पांनी सौद्यात एवढंच घातलं की फळी उतरवून घेईन. बिजागऱ्या गंजून बसल्या होत्या. मी पान्हा धरला, त्यांनी हातोडी मारली.

आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. आतल्या खोलीत त्यांना चांगला रुंद पलंग आहे, पण दुपारी ते बाकड्यावरच आडवे होतात. कुशीवर, पाठ भिंतीला लावून, एक हात कडेला घट्ट धरून. पलीकडे हायवेवर एखादी भरलेली गाडी गिअर बदलते तेव्हा त्यांची बोटं फळीवर जरा आवळतात, झोप मोडत नाही. पायाशी बाकडं संपतं तिथून पुढे भिंतीपर्यंत चांगली हातभर जागा मोकळी आहे. तरी गुडघे तेवढेच दुमडलेले असतात, कॅबिनच्या दाराला पाऊल लागू नये एवढे.